मी मागून जेवते

डॉ. पेठकरांनी पडदा वळवून यकृताचं चित्र दाखवलं, तेव्हा उर्मिलाला ते पिठल्यासारखं दिसलं. पिवळसर, मधूनमधून गुठळ्या.

"पिवळं दिसतंय ती चरबी," डॉक्टर म्हणाले. "सतरा टक्के. दहाच्या खाली आली तर यातला तुकडा काढून तुमच्या भावाला लावता येईल. वर राहिली तर नाही. तुम्हालाही धोका, त्यांनाही."

"किती दिवस हायेत हातात?"

"बारा आठवडे. त्यानंतर त्यांचं शरीर ऑपरेशन सोसेल असं मी छातीठोक सांगणार नाही."

शेजारच्या खुर्चीत बालाजी बसला होता. वय चव्वेचाळीस. धाराशिवच्या डोंगरावर पवनचक्क्यांची दुरुस्ती करणारा, दोरावर लटकून ऐंशी मीटर वर जाणारा माणूस. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता. त्याचं शरीर त्याच्याच पित्ताच्या नळ्यांवर उलटलं होतं, आणि दोन वर्षांत यकृत निकामी होत आलं होतं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या रंगावर गेला होता. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. उर्मिलाचा जुळत होता.

"अक्का, इथं दहाच्या खाली आलीस की पास," बालाजी म्हणाला. "तुला सोपं जाईल. गणिताच्या पेपरचा सराव हाय."

"गप रे. तुझा डबा करून पेपरला जात होते मी."

डॉक्टरांना हसू आलं, पण त्यांनी प्रश्न विचारलाच. "वजन शहाऐंशी किलो आहे. दिवसभरात काय काय खाता?"

"काहीच नाही हो. दुपारपर्यंत पोटात कण नसतो."

ही गोष्ट खरी होती. दुपारनंतरचं डॉक्टरांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

उर्मिला गव्हाणे लातुरात मुलींची मेस चालवत होती. वैद्यकीय प्रवेशाच्या क्लासला आलेल्या बेचाळीस मुली, दोन वेळचं जेवण, बावीस वर्षं. नवरा अकरा वर्षांपूर्वी वारला होता, मूलबाळ नव्हतं. पोळ्या आता यंत्र लाटायचं, भाजी यंत्र चिरायचं. फोडणी मात्र अजून तिच्या हातची होती, आणि वाढणंही.

डॉक्टरांनी तिला टिकली लावून घ्यायला सांगितलं.

यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला टिकलीच म्हणत. नखाएवढा चकचकीत तुकडा. तो कपाळावर लावायचा नव्हता, कानाच्या आतल्या खळग्यात चिकटवायचा होता. फरहीन तांबोळी नावाच्या सव्वीस वर्षांच्या तंत्रज्ञ मुलीनं तो बसवला आणि बसवता बसवता समजावून सांगितलं.

"मावशी, मेंदूतून एक लांब नस निघते. मान, छाती ओलांडून थेट पोटात जाते. पोट रिकामं झालं, भरलं, ही बातमी तीच वर पोचवते. तिची एक बारीक फांदी कानात येते, इथं, कातडीच्या अगदी खाली. टिकली त्या फांदीला कान लावून बसते. भूक दोन तऱ्हेची असते. पोटाची हळूहळू चढते, आणि तिला शिळी भाकरीही चालते. मनाची एकदम येते, आणि तिला अमुकच पाहिजे असतं. शेव पाहिजे म्हणजे शेवच. ही दुसरी आली की टिकली नसेला हलका विजेचा झटका देते. कळतसुद्धा नाही. दोन मिनिटांत इच्छा विरते. पोटाच्या भुकेला ती हात लावत नाही."

"तिला काय ठाव, माझी कोणती ते?"

"तुम्ही शिकवायचं." फरहीननं तिच्या मनगटावर पट्टा बांधला. पट्ट्यावर दोन उंचवटे होते, एक गुळगुळीत, एक खरखरीत. "पहिले चौदा दिवस टिकली फक्त ऐकणार. खावंसं वाटलं की तुम्ही दाबायचं. पोटाची असेल तर गुळगुळीत, मनाची असेल तर खरखरीत. प्रत्येकाची नस वेगळी बोलते. म्हणून कंपनीचा नियम आणि माणूस यांच्यात मतभेद झाला, तर टिकली माणसाचं ऐकते."

उर्मिलानं ते नीट ऐकलं. ती कामाला पक्की बाई होती. चौदा दिवसांत तिनं एकही वेळ चुकवली नाही.

पहाटे पाचला उठून ती चहा घ्यायची. अकरा-साडेअकराच्या सुमाराला, वरणाला फोडणी पडली की, पोटात कालवल्यासारखं व्हायचं. तिचा हात भाकरीकडे जायचा. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर जायची. मुली सव्वाबाराला येत. ती हात मागे घ्यायची आणि खरखरीत उंचवटा दाबायची.

सव्वाबाराला जिन्यावर चपला वाजायच्या. "मावशी, परत वांगं? वांग्यानं आमचं काय बिघडवलंय?" "फिजिक्सचे मार्क तसे हायेत तुझे, म्हणून वांगं." ती ताटं वाढायची, कुणी भात टाकला की रागवायची, कुणी रडवेली दिसली की तिच्या पानात तुपाची धार जास्त पडायची. शेवटची मुलगी तीनला जायची. भांडी यंत्रात लावली की साडेतीन.

मग मेस शांत व्हायची. उर्मिला ओट्याला टेकून, दाराकडे पाठ करून, पातेल्यातूनच खायची. तळाची करपलेली खरपुडी आधी, मग उरलेली भाजी, मग पोळ्यांचे तुकडे, ताक. गुळगुळीत उंचवटा दाबायला ती विसरत नसे. चारला शंकरपाळ्यांचा डबा उघडायचा. गुळगुळीत. सव्वाचारला पुन्हा. साडेचारला फरसाण. बालाजीच्या रक्ताचा अहवाल आलेला असला की पाचपर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला जात नसे. सगळं गुळगुळीत.

पंधराव्या दिवशी टिकली कामाला लागली.

आणि कमाल झाली. साडेअकराचं कालवणं बंद पडलं. पोट गप्प. भाकरीकडे हातही जाईना. "यंत्र लई भारी हाय," तिनं बालाजीला फोनवर सांगितलं. "दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही."

तिसऱ्या आठवड्यात ती शेगडीपुढं दोनदा चक्कर येऊन खाली बसली. पाचव्या आठवड्यात फोडणीची पळी हातातून सुटली आणि तेल पायावर उडालं. त्याच शुक्रवारी पुन्हा तपासणी झाली.

सोळा पूर्णांक चार.

बालाजी तिला सोडायला गाडीपर्यंत आला. तो आता जिना चढताना मध्ये थांबत होता. "अक्का, राहू दे," तो म्हणाला. "नसेल व्हायचं तर नसेल. तू जिवाला लावून घेऊ नको."

"मी चोरून खाते असं वाटतं का तुला?"

"तसं कोण म्हणालं?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

ती मेसवर आली, डबा घेऊन बसली, आणि अंधार पडायच्या आत तो रिकामा झाला. टिकलीनं तिला एकदाही अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फरहीनला फोन करून झाप झाप झापलं. फरहीननं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, उद्या मी मेसवर येते. दिवसभर बसते."

ती सकाळी नऊला आली, कोपऱ्यात पाट टाकून बसली, मांडीवर पडद्याची पाटी. बारा वाजायच्या आत तिनं दोनदा मान वर करून उर्मिलाकडे पाहिलं. चार वाजता ती उठून ओट्याजवळ आली आणि पाटी पुढं धरली. तिच्यावर दोन रेषा होत्या.

"ही तुमची पहिल्या पंधरवड्यातली नस. हे बघा, अकरा चाळीस. पोट लाटा मारतंय, मिनिटाला तीन. एवढी स्वच्छ भूक मी क्वचित बघितलीय. आणि तुम्ही दाबलंत खरखरीत. मनाची. रोज. चौदा दिवस."

"मग काय दाबणार? पोरी जेवल्या नव्हत्या."

फरहीनचं बोट त्या रेषेवरच थांबलं.

"पोरी जेवायच्या आधी बाईला भूक लागते का कधी?" उर्मिला म्हणाली. "ती हाव. हाव मनाचीच असते."

"आणि हे साडेतीन. इथं भूक खरी होती, कबूल. पण तीन पन्नासला पोट भरलं, बघा, रेषा सपाट झाली. पुढं पाच वेळा डबा उघडला. पाचही वेळा गुळगुळीत."

"दिवसभर राबून, सगळ्यांचं आवरून खात होते. हक्काचं होतं ते. त्याला पोटाचं नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?"

फरहीन खाली बसली. "मावशी, टिकली तुमच्या शब्दावर चालली. खऱ्या भुकेला ती तीन आठवडे गप्प बसवत होती आणि दुसरीला वाट मोकळी करून देत होती. तिची चूक नाही. माझी आहे. मी सगळं विचारलं, पण तुम्ही जेवता कधी हे विचारलंच नाही."

उर्मिला ओट्यावरचं फडकं घडी घालून, उलगडून, पुन्हा घडी घालत होती. "आता?"

"पुसून पुन्हा शिकवू. चौदा दिवस. नियम एकच. अकरा चाळीसला पोट बोललं की गुळगुळीत दाबायचं, आणि अर्ध्या तासात बसून, पोटभर जेवायचं. भरलेलं पोट कसं बोलतं हेही तिला कळलं पाहिजे."

"पोरींच्या आधी?"

"पोरींच्या आधी."

पहिल्या दिवशी उर्मिलानं ताट वाढून घेतलं. दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला जिन्यावर चपला वाजल्या आणि तिनं ताटावर परात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी उभ्यानंच अर्धी भाकरी गिळली. सहाव्या दिवशी बसली, पण दाराकडे पाठ करून, आणि एका मुलीनं "मावशी" म्हणताच ठसका लागून पाणी प्यावं लागलं. फरहीन रोज संध्याकाळी रेषा बघायची. "दोन घासांत काही कळत नाही, मावशी," एवढंच म्हणायची.

नववा दिवस नागचतुर्थीचा होता.

त्या भागात बायका नागचतुर्थीला भावासाठी उपास धरतात आणि दुसऱ्या दिवशी पंचमीला वारुळाची पूजा करून सोडतात. उर्मिलानं वयाच्या बाराव्या वर्षापासून तो कडक धरला होता, नुसत्या पाण्यावर. एकही वर्ष मोडला नव्हता. आणि हे वर्ष तर असं.

सव्वाअकराला दारात गाडी थांबली. बालाजी काठी टेकत आत आला. सदरा अंगावर लोंबत होता.

"तू कशाला आलास? फोन केला असता की."

"फरहीनताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आज तुमची अक्का पट्टा दाबायची नाही बघा."

"ती पोरगी चोंबडी हाय."

तो पाटावर बसला. वरणाला फोडणी पडली. उर्मिलाचा हात नकळत पोटाकडे गेला आणि त्यानं ते पाहिलं.

"दाब की, अक्का."

"आज कशी दाबू? आज तुझा उपास हाय. आजच्या दिवशी भूक लागली म्हणणं पण पाप."

"कुणाचं पाप?"

"तुझं काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला काय सांगू? घास गिळला म्हणून सांगू?"

बालाजीनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तू बारा. आठवतं? मला आणि अण्णांना, आम्हा बापलेकांना वाढायचीस आणि म्हणायचीस, मी मागून जेवते."

"मग?"

"एकदा पाणी प्यायला आत आलो. तू चुलीकडं तोंड करून पातेल्यातून खात होतीस. मला बघून पातेलं परकराआड लपवलंस. मला वाटलं, अक्का चोरून चांगलंचुंगलं खाते. लई दिवस राग धरला होता मी तुझ्यावर."

उर्मिलानं गॅस बारीक केला.

"मग एकदा तू नदीला गेल्यावर ते पातेलं बघितलं मी. तळाला करपलेला भात होता. बोटांचे ओरखाडे होते त्यात. तेव्हापासून तिसरी भाकरी मागायचं बंद केलं. तुला कळलं नाही."

"कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं तुला माझ्या हातची आवडेनाशी झाली."

दोघंही हसले, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

"अक्का, सदतीस वर्षं माझ्यासाठी उपाशी राहिलीस. यंदा माझ्यासाठी जेव. मला तुझा उपास नको, यकृत पाहिजे. लबाड हाय मी."

घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते. उर्मिलानं मनगट वर केलं आणि गुळगुळीत उंचवटा दाबला.

तिनं दोन ताटं घेतली. त्याला बिनमिठाचं वरण आणि मूठभर भात, स्वतःला ज्वारीची भाकरी, चुक्याची भाजी, काकडी. बसताना ती सवयीनं भिंतीकडे वळली. बालाजीनं तिचा पाट ओढून दाराकडे तोंड करून ठेवला.

सव्वाबाराला जिन्यावर चपला वाजल्या. तिचा हात परातीकडे गेला. बालाजीनं परात आपल्या पाठीमागं सरकवली होती.

मुली दारात थबकल्या. पुढची मागचीला धडकली.

"थांबा पोरींनो," उर्मिला म्हणाली. "मी जेवतेय. पाच मिनिटं."

"मावशी जेवतात?" एक हळूच म्हणाली. "मला वाटायचं चार्जिंगवर चालतात."

हशा पिकला. मग निलंग्याची एक मुलगी, जी रोज वांग्यावरून भांडायची, ती चपला काढून आत आली, डब्यातून भाकरी घेतली आणि उर्मिलाच्या ताटापुढं वाकली.

"आणखी वाढू का, मावशी?"

बावीस वर्षांत तिनं हा प्रश्न लाखभर वेळा विचारला असेल. तिला कुणी विचारल्याचं तिला आठवेना. तिनं डोळे मिटून पोटात काय चाललंय ते पाहिलं, आणि जे कळलं ते सांगितलं.

"नको गं. पोट भरलं."

संध्याकाळी फरहीननं रेषा पाहिली आणि पाटीवरून बोट फिरवत म्हणाली, "हे. हेच पाहिजे होतं."

टिकली शिकली. आता अकरा चाळीसला ती गप्प बसायची आणि दुपारी जागी व्हायची. चारला हात डब्याकडे गेला की दोन मिनिटांत शंकरपाळ्यांची इच्छा विरून जायची. डबा पुन्हा बंद. पण उर्मिलाला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. भूक गेली तरी दुपार तशीच राहिली. रिकामी बाकं, नळाचं टपटपणं, आणि छातीत काहीतरी, ज्यावर ती इतकी वर्षं शंकरपाळे लोटत आली होती.

अशा तिसऱ्या दिवशी तिनं बालाजीला फोन लावला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. चार वाजलेत."

"मग?"

तिनं शंकरपाळ्यांचा डबा लांब सरकवला. मग ती म्हणाली, "बाळू, तू गेलास तर मी कुणाच्या मागून जेवू?"

"हे शंकरपाळ्यांना सांगत होतीस व्हय इतके दिवस?"

"हं."

"मला सांगत जा. मी रिकामाच हाय. शंकरपाळ्यांपेक्षा मला बरं उत्तर देता येतं."

मग रोज चारला फोन ठरला. कधी ती बोलायची, कधी तो पवनचक्कीवरून दिसणाऱ्या तळ्यांची नावं सांगायचा, कधी दोघं नुसते फोन धरून बसायचे. एखाद्या दिवशी फोन लागायचा नाही आणि डबा उघडला जायचा. टिकली असूनही चार-दोन शंकरपाळे पोटात जायचे. तसे दिवस अकरा झाले. फरहीननं ते मोजले, पण बोलून दाखवले नाहीत.

बाराव्या आठवड्याच्या मंगळवारी डॉ. पेठकरांनी पुन्हा पडदा वळवला. वजन एकोणऐंशी. यकृतावरचं पिवळं पातळ झालं होतं.

"नऊ पूर्णांक दोन," ते म्हणाले.

"पास," बालाजी म्हणाला, आणि काठी खाली पडली तरी त्याला कळलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी फरहीननं टिकली काढून घेतली. आत असलं काही चालत नाही. कानाचा खळगा उघडा पडला. तिथं वारा लागला की उर्मिलाला अंगावर काहीतरी घालायचं विसरल्यासारखं वाटत होतं.

सकाळी सहाला दोन चाकांच्या खाटा ऑपरेशनच्या दारापुढं शेजारी शेजारी लागल्या. परिचारिका फॉर्म घेऊन आली.

"रात्रीपासून काही खाल्लं नाही ना? पाणीसुद्धा नाही?"

"नाही."

"भूक लागलीय?" हे फॉर्मवर नव्हतं. तिनं सहज विचारलं.

उर्मिलानं डोळे मिटले. कानात काही नव्हतं, मनगटावर पट्टा नव्हता. पोटातून एक लाट आली, ओसरली, पुन्हा आली. तिच्यामागं एक भीतीही होती. ती वेगळी होती. दोन्ही तिला नीट वेगवेगळ्या ओळखता आल्या.

"हो," ती म्हणाली. "लागलीय."

शेजारच्या खाटेवरून बालाजीनं मान वळवली. "अक्का, तुझा नागचतुर्थीचा उपास राहिला होता. झाला बघ आज."

"तुझाही झाला."

"सोडायचा कशावर?"

"चुक्याची भाजी आणि भाकरी. दोघं संगट बसू."

दार उघडलं. यकृत देणाऱ्याला आधी आत नेतात, घेणाऱ्याला नंतर. परिचारिकेनं उर्मिलाच्या खाटेचा ब्रेक सोडला. उर्मिलाचा हात आपोआप बालाजीच्या खाटेच्या कडेला गेला आणि तिनं ती घट्ट धरली.

बालाजीनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

"तू हो पुढं, अक्का," तो म्हणाला. "मी मागून येतो."